बदकीचं बाळंतपण

माझ्या सासूबाईंनी आयुष्यात पहिलं बाळंतपण केलं ते एका बदकीचं, आणि ते सपशेल फसलं. आज हे सांगितलं की घरातल्या सुना-नातसुना खो खो हसतात. हसा बायांनो. तेव्हा मला मात्र हसू येत नव्हतं. मला सातवा महिना लागला होता आणि माझं बाळंतपण कुठे होणार, कोण करणार, याचा कुणालाच पत्ता नव्हता.

रीत अशी की पहिलटकरणीने माहेरी जायचं. माझं माहेर ठाकूरद्वारला, एका वाडीत. लालबागहून ट्रामने गेलं तर वेणीतलं फूल सुकायच्या आत पोचावं इतकं जवळ. पण तिथे होतं कोण? वडील आणि दोन भाऊ. मी परकर नेसत होते तेव्हाच आई गेली. तेव्हापासून त्या घरातली चूल मीच पेटवत आले. माझं लग्न झाल्यावर तिघे मिळून पिठलं शिकले, आणि त्या पिठल्याच्या वड्या पडत. त्यांच्या भरवशावर अंथरूण धरायचं म्हणजे न्हाणीतून उठून मीच त्यांना भाकरी थापून घालायची.

"मग इथंच करू की," सासरे जेवताना म्हणाले. सासरे गिरणीत साचे चालवायचे. साच्यांच्या खडखडाटात बोलून बोलून त्यांचा आवाज असा झाला होता की ते कुजबुजले तरी चाळ ऐकायची.

सासूबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "माका जमाचा नाय."

"न जमायला काय झालं?"

"मी कधी कोणाचा बाळंतपण केलंय? माझा केल्यान ता माझ्या जावेन. पोरीक कायतरी झाला तर तिच्या बापाशीक काय तोंड दाखवू?"

आता ही बाई कोण, ते सांगते. त्या दिवसांत संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती. गिरणगावात आज मोर्चा, उद्या हरताळ, परवा संचारबंदी. एकदा संचारबंदीत पोलीस आमच्या चाळीत शिरले. बाकीच्या बायकांनी कड्या लावून घेतल्या, आणि सासूबाई उंबऱ्यात उभ्या राहून त्या शिपायाला म्हणाल्या, "आत गरवार बाई हा. पयले बूट काढ." तो बिचारा बुटांकडे बघत उभा राहिला आणि तसाच मागे फिरला. असली ही बाई न्हाणं-माखणं, शेक-शेगडी म्हटलं की लटपटायची. त्यांना एकच मुलगा, तोही गावाला झालेला. पोराला घेऊन मुंबईला आल्या त्यानंतर घरात पाळणा हललाच नाही. मुलगी नाही, दुसरी सून नाही. करणार कुणाचं?

मग दुसरा मार्ग निघाला. सासूबाईंची बहीण कोकणात होती. तिने गावातली निम्मी बाळंतपणं केलेली. मला तिच्याकडे पाठवायचं. धक्क्यावरून बोट, पुढे खाडीत पडाव, म्हणजे मोठी होडी, पुढे बैलगाडी. मी समुद्र पाहिला होता तो चौपाटीवर भेळ खात बसून. त्यावर बसून कुठे जायचं असतं हे मला माहीतच नव्हतं. शिवाय त्या मावशींना मी एकदाच पाहिलं होतं, लग्नात, अंतरपाटाच्या पलीकडे. आयुष्यातलं पहिलं मूल मी परक्या गावात, परक्या बाईच्या हातात देणार या विचाराने मला रात्र रात्र झोप लागेना. पण सासऱ्यांसमोर तोंड उघडायची सोय नव्हती, आणि आमच्या ह्यांना सांगून उपयोग नव्हता.

आमच्या ह्यांचं काय सांगू. गिरणीतून सुटले की तडक मोर्चाला. घोषणा देऊन देऊन घसा बसलेला, कपड्यांवर भिंती रंगवल्याचा चुना. नळाची तोटी गळते म्हटलं तर "आधी महाराष्ट्र होऊ दे." पाळणा कधी आणणार म्हटलं तर "मुंबई मिळाली की लगेच." मला वाटायचं, मुंबईच्या आधी बाळ आलं तर त्याला सांगावं लागेल की बाबा, जरा थांब, वाटाघाटी चालू आहेत.

अशा घरात बदकं आली. सासऱ्यांच्या खात्यातला एक कामगार कॉटन ग्रीनला गोदामांच्या मागे राहायचा. तो गावी निघाला आणि आपली बदकांची जोडी सासऱ्यांच्या गळ्यात मारून गेला. आमची खोली तळमजल्यावर अगदी शेवटची. मागचं दार उघडलं की कुंपणाच्या भिंतीपर्यंत चिंचोळी जागा होती, नळ होता. तिथे फळ्या ठोकून खुराडं झालं. नराला सगळे बुवा म्हणू लागले, कारण तो मान वर करून, छाती काढून चालायचा. मादीला सासूबाई नुसतं "बाय" म्हणायच्या. गंमत अशी की बदकांत आवाज असतो तो मादीला. ती बोंब मारायला लागली की भोईवाड्यापर्यंत जाईल. नर बिचारा घशातल्या घशात खरखरतो. म्हणजे आता घरात दोन पुरुष घसा बसलेले. मागच्या दारी खरखर झाली की मी हाक मारायची, "आलात का? चहा ठेवू?" आणि बघते तो बुवा.

सुरुवातीला बदकांचं खाणंपिणं सासरे बघायचे. बघायचे म्हणजे चहात बुडवून उरलेला पाव फेकायचे. आठवडाभरात बायने पहिलं अंडं घातलं. सासूबाईंनी ते उचललं तर बोटांत पिचकलं. वर कवचच नाही, नुसती पातळ कातडी.

सासूबाईंनी ते उजेडात धरून उलटंसुलटं बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अशक्त हा गो ती. रोजचा एक म्हणजे रोजचा बाळंतपण झाला मा? आपणाक वर्साक एक झाला तरी कंबर मोडता."

त्या दिवसापासून पाव बंद. कोंडा पाण्यात कालवून, त्यात माठाचे कोवळे देठ बारीक चिरून, वर मूठभर सुका जवळा. बाळंतिणीची हाडं झिजतात हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून तिसऱ्या आणल्या की त्यांच्या शिंपल्या फेकायच्या नाहीत. त्या चुलीत भाजायच्या आणि पाट्यावर कुटून एका करवंटीत बायपुढे ठेवायच्या. बाय ते तुकडे मुखवासासारखे खायची. दर घासाला तिला पाणी लागायचं. कोंडा खायचा, धावत जाऊन चोच बुडवायची, परत कोंडा. खाऊन होईपर्यंत घमेल्यातलं पाणी म्हणजे पेज. ते बदलायचं काम माझ्याकडे, पोट सांभाळत.

काही दिवसांत अंड्याला कवच आलं. नुसतं आलं नाही, दगडासारखं आलं. सासूबाईंनी ते कढईच्या काठावर आपटलं आणि ते फुटेना, तेव्हा त्यांच्या तोंडावर जे हसू आलं ते मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. ऑम्लेट सासऱ्यांना मिळालं. मला नाही. गरोदरपणी अंडं उष्ण पडतं म्हणे. बदकीला अळीव भिजवून मिळत होते, मला ते आता कशाला, नंतर बघू. मी मनात म्हटलं, चांगलं आहे, या घरात लाड करून घ्यायचे तर अंडंच घालायला पाहिजे.

पण खरं सांगू? मला आतून बरं वाटत होतं. कारण सासूबाई एक दिवस सासऱ्यांना म्हणाल्या, "बायचा जमला बघा. बोटीचा काय ता जरा थांबया." त्या बदकीवर हात बसवत होत्या, आणि बसवत होत्या माझ्यासाठी. बदकीची प्रत्येक गोष्ट नीट झाली की माझा कोकणचा रस्ता थोडा मागे सरकायचा. मी त्या बदकीची जितकी काळजी केली तितकी सख्ख्या भावांचीही केली नसेल.

मग बायच्या मानेवरची पिसं जायला लागली. बुवांच्या प्रेमाची तऱ्हाच तशी होती. ते आधी तिची मान चोचीत पकडायचे. मानेमागे बोटभर टक्कल पडलं. सासूबाईंनी पाहिलं आणि बुवांना झाडूने पलीकडे हाकललं. "मेल्या, बाळंतिणीच्या खोलीत तुझा काय काम?" मध्ये फळी आडवी ठोकली. बुवा फळीपलीकडून खरखरत राहिले. आमचे हे त्याच वेळी घरात शिरले होते. त्यांना वाटलं आपल्यालाच म्हणाली, आणि निमूटपणे बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

तोवर सगळं ठीक होतं. पण पिसं निस्तेज झालीत, पोटाकडची विरळ दिसतात, म्हणून सासूबाईंनी एका रविवारी सकाळी पदर खोचला. म्हणाल्या, "खाणा झाला. आता न्हाणा व्हया."

मी मोरीत बायला धरून बसले. सासूबाईंनी खोबरेल कोमट केलं आणि चोळलं. पंखाखाली, पोटाला, पाठीला, अगदी नाजूक हाताने. बाय बोंबलत होती. चाळ गोळा झाली. समोरच्या खोलीतल्या काकी म्हणाल्या, "अगो, तळतेस की काय तिका?" सासूबाईंनी लक्ष दिलं नाही. मग बंबातलं ऊन पाणी, मग शिकेकाई, कारण तेल निघायला नको का? मग कोरड्या फडक्याने टिपून शेगडीवर ओवा नि बाळंतशेपा टाकून धुरी. बाय खोकली. बदक खोकताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. शेवटी वारा लागू नये म्हणून जुन्या पातळाची चिंधी घेऊन कान बांधायला गेल्या. बदकीचे कान कुठे असतात यावर दारातल्या बायकांत मतभेद झाले, आणि तेवढ्यात बाय माझ्या हातून निसटून खाटेखाली गेली.

"घे. आता बघ कशी टवटवीत होता," सासूबाई म्हणाल्या. घामाने डबडबल्या होत्या, पण खुशीत होत्या. मीही खुशीत होते. मला वाटलं, जिंकलो.

दुसऱ्या दिवशी बाय घमेल्यात उतरली आणि भिजली. म्हणजे बदक भिजलं! आधी पाणी तिच्या अंगावरून घरंगळून जायचं. आता पिसं चिकटून दोऱ्या झाल्या, आतलं गुलाबी कातडं दिसायला लागलं, आणि ती गारठून थडथडायला लागली. सासूबाईंनी तिला पदरात घेतलं, शेगडीजवळ धरलं. त्याने ती आणखीच धापा टाकू लागली. अंडं बंद झालं. खाणं बंद झालं. दोन दिवस ती भिंतीकडे तोंड करून बसून राहिली आणि सासूबाई तिच्याकडे तोंड करून.

फळीपलीकडे बुवा होते. ते घमेल्यात बुडी मारून वर यायचे ते कोरडेठाक. मी बघत राहिले. पाण्यातून आले की ते मान मागे वळवत, शेपटीच्या मुळाशी चोच घासत, आणि मग ती चोच अंगभर फिरवत. परत शेपटी, परत अंग. तिथे त्यांचं घरचं तेल होतं. आमच्या खोबरेल-शिकेकाईने बायचं ते तेल धुऊन नेलं होतं, आणि बुवा वाचले ते केवळ बाळंतिणीच्या खोलीतून हाकलले गेले म्हणून.

मी सासूबाईंना हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. तिला आता हात लावू नका, उन्हात सोडा, स्वच्छ पाणी ठेवा, ती आपली आपण करील, असंही मी म्हटलं. त्यांनी तसं केलं. पण त्यांच्या तोंडावरचं ते हसू गेलं ते गेलंच. संध्याकाळी सासरे आल्यावर त्या म्हणाल्या, "हिच्या बोटीचा बघा. लवकर बघा."

झालं. माझी ट्रंक बाहेर निघाली. आमच्या ह्यांनी चळवळीतल्या कुणाला तरी सांगून बोटीत बसायला बरी जागा बघून ठेवली. मुंबई सोडणार नाही म्हणून दिवसभर ओरडणाऱ्या माणसाने बायकोला मात्र मुंबईबाहेर काढायची इतकी चोख व्यवस्था केली, की मला वाटलं यांना सरकारातच घ्यायला हवं.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी सासूबाई माझी ट्रंक भरत होत्या. डिंक, अळीव, सुंठ, वेखंड, सगळ्याच्या पुरचुंड्या, बहिणीसाठी. एकेक पुरचुंडी बांधताना तिला दोन-दोन गाठी मारत होत्या. माझ्याकडे बघत नव्हत्या. आणि माझं डोकं फिरलं. मी मुळात शांत बाई नाहीच, नवी सून म्हणून दीड वर्ष दातांवर दात ठेवून होते एवढंच.

मी म्हटलं, "आई, मला पिसं आहेत का?"

"काय?"

"पिसं. माझ्या अंगावर पिसं दिसतात का तुम्हाला?"

"याड लागला काय गो तुका?"

"नाहीत ना? मग तेल लावून न्हाऊ घातलंत तर मी काय विरघळणार आहे? त्या बदकीला तुम्ही शिंपल्या दिल्यात, अंड्याला कवच आलं. जवळा दिलात, अंगावर मांस चढलं. बुवांना बाजूला केलंत, मानेवर नवी पिसं फुटली, जाऊन बघा. सगळं बरोबर केलंत तुम्ही. चुकलं काय, तर माणसाचं न्हाणं बदकाला घातलंत. मी माणूस आहे! मला तेच पाहिजे जे तिला नको होतं!"

मी रडत होते की ओरडत होते, मला सांगता यायचं नाही. चाळीने ऐकलं असणार. सासूबाई ट्रंकेपाशी तशाच बसल्या, हातात सुंठीची पुरचुंडी. तिची गाठ चाचपत हळू म्हणाल्या, "माका भ्या वाटता गो. तुका काय झाला तर? तुका आवस पण नाय."

"आई नाही म्हणूनच तर सांगतेय ना तुम्हाला."

सासूबाईंनी हातातली पुरचुंडी खाली ठेवली. पदराने नाक पुसलं. मग ट्रंकेतून पुरचुंड्या एकेक करून बाहेर काढल्या आणि फडताळात लावल्या. मी मदतीला वाकले तर खेकसल्या, "वाकू नको. बस थंय."

बोटीतली जागा फुकट गेली. आमचे हे कुरकुरले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तू आपली मुंबई सांभाळ. घरातला मी बघतंय."

मुलगी परळच्या दवाखान्यात झाली. त्या दिवशी हरताळ होता. रस्त्यावर वाहन नाही, म्हणून सासूबाई मला धरून चालत घेऊन गेल्या, वाटेत थांबत, मोर्चाला दमदाटी करून बाजूला सारत. घरी आल्यावर पहिल्या न्हाण्याच्या सकाळी मोरीत त्यांनी मला पाटावर बसवलं. तेल चोळताना मध्येच थांबून विचारायच्या, "लागता गो?" मी नाही म्हणायची. मग बंबातलं पाणी विसणलं, दोनदा स्वतःच्या हातावर घेऊन बघितलं, आणि पहिला तांब्या माझ्या पाठीवर ओतला.

आई गेल्यापासून मला कुणी न्हाऊ घातलं नव्हतं. मला एकदम हुंदका आला आणि तो काही केल्या थांबेना. सासूबाई घाबरून गेल्या.

"काय झाला? कढत लागला? थांब, गार घालतंय..."

"नाही," मी म्हटलं. "असंच घाला. अजून घाला."